नवरदेव एकटा, दुमड, दुमड-जोड

लिंबू-मिरची मी विकतो, लावत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मले भोळसट समजायले नको.

अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर माझी फुलांची पेटी आहे, म्हणजे लहानसं दुकानच. घर बडनेऱ्याला, घरामागे थोडंसं वावर, त्यात शेवंती, झेंडू अन् निशिगंध. शनिवारी लोकं येतात, "भाऊ, मिरच्या बरोबर सात घाला बरं" म्हणून बजावतात, मी सात घालतो, पैसे घेतो. पण माझ्या स्वतःच्या पेटीला, गाडीला, घराच्या चौकटीला आजवर एक लिंबू टांगलं नाही. अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा... असलं कोणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरते. एकदा एका बाबाला पेटीसमोरून हाकलून लावलं होतं, सगळ्या रस्त्यानं पाह्यलं.

पोरीनं मोबाईलवर ही साइट लावून दिली तेव्हापासून तुमचे अनुभव वाचतो. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... रागावू नका, पण अर्ध्या गोष्टी वाचून मले हसू येते. मी तोंडाचा फटकळच आहे. आता माझीच पाळी आली म्हटल्यावर तुम्हीही हसा, हिशोब बरोबर. शुद्धलेखन तपासायला पोरीला दिलं होतं, ती म्हणाली, "बाबा, तुमी बोलता तसंच राहू द्या." म्हणून मधून मधून मले-तुले येईल, चालवून घ्या.

पोरगी म्हणजे प्रांजली. एकुलती एक. कंप्युटर इंजिनीअर! आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. हे मी दिवसातून इतक्या वेळा सांगतो की शेजारचा नारळवाला आता माझ्याआधीच सांगून मोकळा होतो. पण घडलं तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती अन् नोकरीचा पत्ता नव्हता.

त्याआधी तिच्या आईबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

माझी बायको शोभा. तिला जाऊन वीस वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं अन् आठवड्याच्या आत गेली. प्रांजली तेव्हा नुसती रांगत होती. शोभा चांदूर रेल्वे गावची, माहेरी सगळे मजुरीला जाणारे, फुलांशी काही संबंध नाही. पण लग्न होऊन आली अन् महिन्याभरात माझ्यापेक्षा चांगला हार करायला लागली. मी खोटं कायले सांगू? गिऱ्हाईक मला ओलांडून तिला ऑर्डर द्यायचं.

आता मोठ्या हाराची एक गोष्ट असते. त्याला साधा दोरा चालत नाही. लग्नाचा हार ओला, वजनदार. भर मांडवात दोरा तुटला तर फुलं नवरदेवाच्या पायाशी अन् शिव्या आमच्या नावानं. म्हणून सुताचे पदर एकत्र करून दोर करायचा. देवाच्या लहान हाराला पाच पदर, नव्या ट्रॅक्टरच्या हाराला सात, लग्नाच्या हाराला अकरा. बाकीचे लोकं पदर मोजत बसतात, मधेच कोणी "गुलाब कसे दिले" म्हणून विचारलं की विसरतात, पुन्हा पहिल्यापासून.

शोभानं स्वतःची रीत काढली होती. सुताचा एक लांब पदर हातात घ्यायची अन् म्हणायची, "नवरदेव एकटा." झाला एक. मग तो मधोमध दुमडायची, "दुमड." झाले दोन. पुन्हा दुमडायचे अन् वर एक सुटा पदर घालायचा, "दुमड-जोड." दोनाचे चार, वर एक, पाच. पुन्हा एकदा "दुमड-जोड." पाचाचे दहा, वर एक, अकरा. "झाला दोर!" लग्नाचा हार तयार व्हायला निघाला. मोजणं नाही, विसरणं नाही. प्रत्येक हाराचं तिचं गाणं ठरलेलं. ट्रॅक्टरचं असलं तर "नवरदेव एकटा, दुमड-जोड, दुमड-जोड." एकाचे तीन, तिनाचे सात.

'नवरदेव एकटा' हे माझ्यावरून होतं. लग्नाआधी मी पेटीवर एकटाच तोंड पाडून बसायचो, असं तिला नारळवाल्यानं सांगितलं होतं. मग काय, तिला खाऊच मिळाला. गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणायची अन् माझ्याकडे तिरकं पाहायची. मी चिडायचो. चिडल्यासारखं करायचो, खरं म्हणजे.

प्रांजलीची झोळी पेटीच्या मागच्या बाजूला बांधलेली असायची. सूत ओढून ओढून शोभाच्या बोटांवर वण पडले होते, सगळ्याच हार करणाऱ्यांच्या पडतात. एकदा पोरीची मूठ उघडून बोटं पाहत म्हणाली, "हिच्या बोटाले सुताचा वण पडू द्यायचा नाही. ही पेटीवर बसनार नाही. सांगून ठेवते तुमाले." मी हाव म्हटलं, म्हणजे हो. ती गेल्यावर तो हाव मी धरून ठेवला. पोरीला दुकानात येऊ दिलं, बसू दिलं, अभ्यास करू दिला, पण हाराचा दोरा हातात घेऊ दिला नाही. अन् मीही सुताचा दोर करणं सोडून दिलं. बाजारात तयार नायलॉनची दोरी मिळते, ती आणायला लागलो. ते दुमड-जोड पुन्हा माझ्या तोंडून निघालंच नाही. कोणाजवळच नाही. निघतच नव्हतं, काय सांगू...

तर प्रांजली. आधीच्या दोन कंपन्यांमध्ये लेखी परीक्षेतच अडकली. हुशार आहे हो, पण घड्याळाकडे पाहून घाबरते. तिसरी कंपनी पुण्याची, अकोल्याच्या एका कॉलेजात येणार होती, आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांची पोरं तिथेच. त्याच्या आदल्या आठवड्यात पेटीवर बसल्या बसल्या म्हणते, "बाबा, यावेळी नाही झालं तर बस झालं. मी पेटीवर बसते, तुमी वावर पाहा. कितीक दिवस खर्च करान माह्यावर?"

माझ्या डोक्यात सणक गेली. "तोंड सांभाळ," म्हटलं, "पेटीवर बसाची गोष्ट पुन्हा काढली तर पाह्य." तिनं पुस्तक उघडलं. पण मले रात्रभर शोभाचा शब्द आठवत राहिला. माझ्यासाठी प्रश्न नुसत्या नोकरीचा नव्हता.

अभ्यास काय करते म्हणून विचारलं तर तिनं मला समजावून सांगितलं. कंप्युटरला फक्त शून्य अन् एक कळते. आपण अकरा म्हणतो, ते त्याच्या भाषेत १०११. पण कोणी ते टाइप करून दिलं तर कंप्युटरला ती नुसती अक्षरं वाटतात, पाटीवर लिहिलेल्या नावासारखी. त्या अक्षरांच्या ओळीचा खरा आकडा करून द्यायचा प्रोग्राम लिहायचा. तयार सोय असते, पण परीक्षेत ती वापरायची नाही, सगळं स्वतः करायचं. "हे हमखास विचारतात, बाबा." पांढरी शेवंती म्हणजे शून्य, झेंडू म्हणजे एक, असं फळीवर मांडून दाखवलं तिनं. उजवीकडून सुरुवात, पहिल्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, मग चार, मग आठ... जिथे झेंडू असेल त्या किमतींची बेरीज. लांब ओळ आली की बेरजेत गोंधळायची अन् स्वतःवरच चिडायची. एक गिऱ्हाईक बाई आली अन् प्रांजलीचा अर्धा आकडा परडीत टाकून घेऊन गेली. आम्ही दोघं लय हसलो.

आता लक्ष द्या. त्या दिवशी मी ते सगळं ऐकलं, पण शोभाचं दुमड-जोड अन् हे शून्य-एक, यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती उजवीकडून किमती लावत होती. ती रीतच वेगळी.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली. पोरगी म्हणाली एकटी जाते, मी म्हटलं चूप. अकोल्याला उतरलो, ऑटो केला, कॉलेजात पोचलो. पोरं आत गेली, आम्ही मायबाप बाहेर निंबाखाली. मी तिथल्या दोघातिघांना प्रांजलीचे बारावीचे मार्क सांगून टाकले. न विचारता.

दुपारी पोरं बाहेर आली. प्रांजलीचा चेहरा उतरलेला.

"काय झालं वं? नाही जमलं?"

"जमलं बाबा. सगळं जमलं. पण एक उत्तर मी येड्यावानी लिहून आली."

"काऊन?"

"तोच प्रश्न आला होता. प्रोग्राम लिहा, अन् दिलेल्या ओळीवर हातानं चालवून उत्तर काढा. लांब ओळ होती, अकरा आकडे. मी घाबरली, बेरीज हुकाले लागली. मग..." ती थांबली. "मग मले जमलं. उत्तर चौदाशे सेहेचाळीस येत होतं. पण मी ते नाही लिहिलं. मी दोन हजार आठशे त्र्याण्णव लिहिलं."

"येत एक होतं अन् लिहिलं दुसरं? अवं, डोकं ठिकाणावर होतं का तुह्यं?"

"बाबा, मले वाटलं अजून एक आकडा हाये पुढं."

"पेपरवर होता का?"

"नाही."

मी कपाळाला हात लावला. डबा उघडला, पोळी-भाजी तिच्यापुढे केली, तिनं एक घास खाल्ला नाही. मीही नाही. मनात म्हटलं, गेली ही पण कंपनी.

तासाभरानं एक माणूस बाहेर आला अन् तिचंच नाव पुकारलं. एकटीचंच. "पालक आले असतील तर त्यांनीही या." बाकीचे मायबाप माझ्याकडे पाहायला लागले. मी छाती काढून उठलो.

आत कंपनीची एक मॅडम होती, पन्नाशीची, चष्मा, शांत बोलणारी. शेजारी दोन पोरगेलेसे साहेब. मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं अन् तिला पुढे बोलावलं. मॅडमच्या समोर तिचा पेपर.

"प्रांजली, बस. घाबरू नकोस. एक विचारायचं आहे. या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं चौदाशे सेहेचाळीस आलंय, किंवा चुकलंय. तुझं एकटीचं दोन हजार आठशे त्र्याण्णव आहे. आणि आमच्याकडच्या उत्तरात तेच आहे."

माझ्या तोंडून मोठ्यानं "शाब्बास!" निघून गेलं. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या साहेबानं पाहिलं ते मात्र वेगळ्या नजरेनं. तो म्हणाला, "काका, तेच तर विचारतोय. मूळ प्रश्नात बारा आकडे होते. झेरॉक्स काढताना कागद सरकला आणि शेवटचा आकडा कडेला कापला गेला. बाकी ओळी आखूड होत्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलांच्या हातात अकराच आकडे होते. मग हिला बारावा कसा कळला? उत्तर आधीच मिळालं होतं का हिला?"

माझं डोकं भडकलं. मी उठलोच. "ओ साहेब, माह्या पोरीनं आजवर कोणाच्या वहीत डोकावून पाह्यलं नाही! चोर म्हणाचं असन तर सरळ म्हणा, मंग मी सांगतो तुमाले..."

"बाबा, बसा," प्रांजली म्हणाली. "मॅडम, मला आधी काही मिळालं नव्हतं. तुम्ही आत्ता दुसरी ओळ द्या. मी तुमच्यासमोर करते."

मॅडम उठली अन् फळ्यावर पटापटा आकडे लिहिले. ११०१०१. प्रांजली फळ्यासमोर उभी राहिली. डावीकडच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं, अन् तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली. खोली शांत होती, त्यामुळे दारापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

"नवरदेव एकटा... दुमड-जोड... दुमड... दुमड-जोड... दुमड... दुमड-जोड. त्रेपन्न."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

वीस वर्षं, हो! वीस वर्षं हे शब्द कोणी उच्चारले नव्हते. अन् नुसते शब्द नाही, तीच चाल, 'नवरदेव' म्हणून जरासं थांबायचं अन् मग 'एकटा.' माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो साहेब मला म्हणे, "काका, पाणी देऊ का?" त्याला वाटलं त्याच्या बोलण्यामुळे.

मॅडम फळ्याकडे पाहत होती. म्हणाली, "उत्तर बरोबर आहे. डावीकडून एकेक आकडा घ्यायचा, आधीच्याची दुप्पट करायची, एक आला तर एक मिळवायचा. प्रोग्रामही तू असाच लिहिला आहेस, सगळ्यात छोटा आणि स्वच्छ. पण हे काय म्हणालीस? नवरदेव?"

प्रांजलीनं खरं ते सांगून टाकलं. पोरगी कोणाची आहे! "मॅडम, मला माहीत नाही. पेपरमध्ये मी अडकले होते. तेव्हा एका बाईचा आवाज आला, अगदी मागून कोणी बसून बोलावं तसा. मी ओळीवर बोट ठेवलं, ती म्हणत गेली, मी दुप्पट करत गेले. चौदाशे सेहेचाळीसला कागदावरची ओळ संपली. मी पेन खाली ठेवणार, तर ती म्हणाली, 'दुमड-जोड.' आणि मग म्हणाली, 'झाला दोर.' मी ते धरून उत्तर लिहिलं."

पेपरवर तसंच होतं, मॅडमनं मला दाखवलं. आधी चौदाशे सेहेचाळीस लिहिलेलं, खोडलेलं नाही. त्याच्याखाली दुप्पट अधिक एक. कागदाची कडा मी जवळ धरून पाहिली, खिडकीच्या उजेडात पाहिली. कोरी पांढरी. आकड्याचा शेपटाएवढाही भाग नव्हता.

तो साहेब काही बोलणार होता. मॅडमनं त्याला हातानं थांबवलं. "पेपर फुटणं शक्य नाही," ती म्हणाली. "ही ओळ मी आज सकाळी इथे येताना गाडीत टाइप केली. न बघता शून्य आणि एक दाबले आणि उत्तर लॅपटॉपकडून काढून घेतलं. ती ओळ मीच धड वाचली नव्हती, तर हिला कोण दाखवणार?"

मग मॅडमनं पेपर बाजूला ठेवला अन् म्हणाली, "हा प्रश्न मी सगळ्यांसाठीच रद्द करते. तेच न्यायाचं आहे. प्रांजली, तुझेही यातले मार्क जाणार. चालेल?"

"चालेल मॅडम," ती म्हणाली.

संध्याकाळी यादी लागली. प्रांजलीचं नाव होतं. हे मी ठासून सांगतो, कारण काही लोकं लगेच म्हणतील की भुतानं नोकरी लावून दिली. नाही! त्या प्रश्नाचा एकही मार्क तिला मिळाला नाही. उलट त्या आवाजामुळे तिच्यावर चोरीचा आळ आला होता. ती लागली ती बाकीच्या पेपरवर अन् फळ्यासमोर उभी राहायच्या हिमतीवर. माझी पोरगी स्वतःच्या अकलेनं लागली. मी अकोला स्टेशनवर अख्ख्या प्लॅटफॉर्मला चहा पाजायला निघालो होतो, तिनंच माझा हात धरून बसवलं.

गाडी मूर्तिजापूर ओलांडून गेली तेव्हा मी तिला विचारलं, "हे दुमड-जोड तुले कोनं शिकवलं?"

"कोनंच नाही. काऊन? तुमाले माहीत हाये का थे?"

मग मी सांगितलं. दोर, पदर, झोळी, नारळवाला, सगळं. गाडीत लोकं होते, मी रडत सांगत होतो, ती रडत ऐकत होती. तिला आईची रीत त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा कळली. पेपर लिहून झाल्यावर.

घरी आल्यावर माझ्यातला लिंबू न लावणारा माणूस जागा झाला. असं कसं होईल? काहीतरी सरळ कारण असणारच. दुसऱ्याच आठवड्यात चांदूर रेल्वेला सासुरवाडीला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं कोनं सूत दुमडलं बापा? थे तिचं तिथलंच." मेहुण्याला तर शब्दही माहीत नव्हते. नारळवाल्याला विचारलं. त्याला 'नवरदेव एकटा' आठवलं, हसला, पण पुढचं काहीच आठवेना. अन् पोरीजवळ कधी बोललोच नाही, म्हणाला, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

प्रांजलीच्या कॉलेजातले सर भले माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, डावीकडून दुप्पट करत जायची पद्धत पुस्तकात असते, तिनं कधीतरी वाचली असेल. मी म्हटलं, सर, पद्धत पुस्तकात असेल, पण नवरदेव पुस्तकात नाही ना. मग ते म्हणाले, झोळीत असताना रोज कानावर पडलेलं डोक्यात कुठेतरी राहिलं असेल, घाबरल्यावर वर आलं. हे मला पटलं. खरंच पटलं. शोभानं झोळीतल्या पोरीला वीस वर्षं पुरेल असं काहीतरी देऊन ठेवलं, याहून चांगलं काय पाहिजे?

पण शेवटचं 'दुमड-जोड'? कापला गेलेला आकडा, जो मॅडमनंही पाहिला नव्हता? सर म्हणाले, "योगायोग." अन् मग माझ्याकडे न पाहता चष्मा पुसत बसले. शून्य असता तर नुसतं दुमड झालं असतं. काहीच नसतं तर ती गप्प राहिली असती. ती बोलली, अन् बरोबर बोलली. याचं उत्तर मला आजवर कोणी दिलं नाही. तुमच्यापैकी कोणाजवळ असेल तर द्या, मी ऐकून घेईन. भांडणार नाही... थोडंसं भांडेन.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी प्रांजली पेटीवर आली. म्हणाली, "बाबा, एक हार मी करते. आईसाठी." मी नाही म्हणणार होतो. शोभाला दिलेला शब्द होता ना. पण ती पेटीवर बसायला नव्हती आली, निघायच्या आधी आली होती. मी बाजारातून सूत आणलं. वीस वर्षांनी. तिनं लांब पदर हातात घेतला, तोंडानं सगळं अगदी बरोबर म्हणत गेली, अन् हातानं पार गुंता करून ठेवला! कंप्युटर इंजिनीअर! मी इतका हसलो की नारळवाला पाहायला आला. शेवटी दोघांनी मिळून अकरापदरी दोर केला, शेवंती अन् झेंडू ओवले, अन् शोभाच्या फोटोला घातला. लग्नातल्यापेक्षा मोठा.

हार घालून झाल्यावर मी तिला एक गोष्ट विचारली. अकोल्यापासून विचारायची होती, धीर होत नव्हता. शोभाचा फोटो आहे माझ्याजवळ, साड्या आहेत, पण आवाज नाही. तेव्हा कुठे होते असे मोबाईल? वीस वर्षांत तो आवाज माझ्या कानातून हळूहळू निघून गेला. शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज तुम्हाला सांगतो.

"बेटा," म्हटलं, "आवाज कसा होता गं तिचा?"

प्रांजलीनं फोटोकडे पाहिलं. थोडा विचार केला.

"जरासा बसका होता, बाबा. अन् 'नवरदेव एकटा' म्हणताना तिले हसू येत होतं. दाबून धरलं होतं, पण येत होतं."

मी हाव म्हटलं. तसाच होता.